मथळा अथवा मराठी लेख वाचकाला सापडावा कसा

काही वर्षांपूर्वी मी सर्पदंशावर एक लेख लिहिला. त्यासाठी ऐन पावसाळ्यात कोकणातल्या एका ग्रामीण रुग्णालयात दहा दिवस जाऊन बसले होते. डॉक्टरांशी बोलले, परिचारिकांशी बोलले, साप चावून वाचलेल्या माणसांच्या खाटांशेजारी बसले. लेखाला नाव दिले ‘अंधारातली पावले’. भातखाचराच्या बांधावरून रात्री घरी परतणारे अनवाणी पाऊल माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हते, म्हणून ते नाव. लेख इंटरनेटवर आला, ओळखीच्यांनी कौतुक केले, मला समाधान वाटले.

पुढच्या पावसाळ्यात त्याच तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षिकेचा फोन आला. शेजारच्या वाडीतल्या एका मुलाला रात्री साप चावला होता. “ताई, तुमच्या लेखात काय करायचं ते नीट लिहिलं होतं, एवढं मला आठवत होतं. पण लेखाचं नाव काही केल्या आठवेना. मग मोबाइलवर ‘साप चावला तर काय करायचं’ असं टाकलं. कसल्या कसल्या मुळ्या आणि मंत्र वर आले. तुमचा लेख काही आला नाही.” मुलगा वाचला. रिक्षावाल्याला रुग्णालय माहीत होते आणि त्याने कुणाचे न ऐकता रिक्षा थेट तिकडे घातली, म्हणून वाचला.

त्या रात्री मी माझाच लेख पुन्हा उघडला. मथळ्यात साप नव्हता. आत सर्पदंश होता, विषबाधा होती, प्रतिविष होते, पण ‘साप चावला’ हे दोन शब्द एका आजोबांच्या तोंडी एकदा आले होते, तेवढेच. जे शब्द घाबरलेल्या माणसाच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडतात, तेच मी लेखाबाहेर ठेवले होते.

तेव्हापासून मथळा आणि त्याखालचे दोन ओळींचे वर्णन याकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. शोधयंत्रासाठी मथळा लिहिणे हे बाजारू काम आहे, ते जाहिरातवाल्यांनी करावे, लेखकाने त्यात हात घालू नये, असे आपल्याकडे बऱ्याच चांगल्या लिहिणाऱ्यांना वाटते. मलाही वाटत असे. आज मला हे मत चुकीचेच नव्हे, तर वाचकाच्या दृष्टीने घातक वाटते. चांगले लिहिणाऱ्याने आपला लेख सापडेल असा ठेवला नाही, तर शोधणारा माणूस थांबत नाही. तो जे पहिले सापडेल ते वाचतो.

मराठीला हे नवे नाही. एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकांची मुखपृष्ठे पाहावीत. बाबा पदमनजींनी १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहिले, आणि नुसत्या नावावर न थांबता ‘अथवा’ घालून हिंदुस्थानातल्या विधवांच्या स्थितीचे हे निरूपण आहे असे तिथेच सांगितले. ताराबाई शिंद्यांच्या १८८२च्या ‘स्त्रीपुरुष तुलना’लाही असाच ‘अथवा’ जोडलेला आहे, आणि स्त्री व पुरुष यांत साहसी कोण हे दाखवण्यासाठी निबंध लिहिला आहे हे त्या मुखपृष्ठावरच स्पष्ट करतात. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांनी पाककृतींचे पुस्तक काढले. ‘गृहिणीमित्र’ हे त्याचे नाव आपुलकीचे, आणि पुढे ‘अथवा’ लावून आत हजार पाकक्रिया आहेत हा रोख हिशेब. ग्राहकाने पुस्तक हातात घेतले की आत काय आहे ते पान न उलटता कळत असे. त्या ‘अथवा’च्या अलीकडे मथळा होता आणि पलीकडे वर्णन. त्या लेखकांना यात काही कमीपणा वाटला नाही. छापील पुस्तक ही वस्तूच तेव्हा नवी होती, वाचक अनोळखी होता, आणि अनोळखी माणसाशी बोलताना आधी आपण कोण आणि कशासाठी आलो ते सांगायचे असते.

यावर कुणी टिळकांचा १८९७चा ‘केसरी’ पुढे ठेवील. २२ जूनला पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि ६ जुलैला ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा अग्रलेख आला. त्या मथळ्यात प्लेग नाही, पुणे नाही, रँड नाही, तरीही मराठीतला तो सर्वांत लक्षात राहिलेला मथळा असावा. खरे आहे. पण त्याच्या अवतीभोवती काय होते ते पाहा. अंक ‘केसरी’चा होता, त्यावर तारीख होती, आणि वाचकाच्या डोक्यात त्या पंधरवड्यात दुसरा विषयच नव्हता. जे मथळ्याने सांगितले नाही ते सगळे अंकाने आणि काळाने सांगितले होते. इंटरनेटवर मथळा आपल्या अंकातून उपटला जातो. दहा परक्या मथळ्यांच्या रांगेत तो एकटा उभा राहतो, त्याच्या वर वर्तमानपत्राचे नाव ठळक नाही, शेजारी त्याच दिवसाची बातमी नाही, आणि वाचक पाच वर्षांनी आलेला असू शकतो. म्हणून पूर्वी अंक जे सांगत असे, ते आता वर्णनाला सांगावे लागते. टिळकांचा मथळा आजही तसाच ठेवावा. त्याखाली मात्र दोन ओळी हव्यात, की पुण्यातल्या रँडच्या खुनानंतर सरकारने धरलेल्या धोरणावर हा अग्रलेख आहे.

यंत्राची बाजू थोडक्यात सांगते, कारण तिच्याबद्दल अकारण गूढ पसरवले गेले आहे. प्रत्येक पानाला एक शीर्षक आणि एक वर्णन देता येते. ही दोन्ही पानाच्या डोक्यात लिहिलेली असतात आणि शोधाच्या यादीत दिसू शकतात. शीर्षकातल्या शब्दांवरून पान कशाबद्दल आहे ते यंत्राला कळायला मदत होते. वर्णनाचा क्रमवारीशी संबंध नाही, हे गूगलने स्वतःच सांगितलेले आहे. वर्णन असते माणसासाठी, यादीतल्या कोणत्या ओळीवर बोट ठेवायचे ते ठरवता यावे म्हणून. पूर्वी पानाच्या डोक्यात कीवर्डची एक वेगळी यादीही घालत. त्यात लोकांनी इतका कचरा भरला की ती यादी आपण क्रमवारीसाठी पाहतच नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९मध्ये जाहीर केले. तरीही आजतागायत कुणीतरी कुणाला ती भरायला शिकवत असतो. शीर्षक नीट नसेल तर यंत्र ते बदलूनही दाखवते. २०२१मध्ये यावर बरीच ओरड झाली, तेव्हा सुमारे ८७ टक्के वेळा आपण मूळ शीर्षकच वापरतो असे गूगलने सांगितले. उरलेल्या वेळी यंत्र पानातल्या ठळक ओळीतून किंवा इतर मजकुरातून शीर्षक घडवते. आपल्या लेखाला आपण नाव दिले नाही तर दुसरा कुणी देतो, इतका साधा हा प्रकार आहे. अक्षरे नेमकी किती असावीत याचे जे आकडे सांगितले जातात ते बहुतेक इंग्रजीवरून आलेले असतात. यादीतली जागा अक्षरांनी नव्हे, रुंदीने मोजली जाते, आणि आपली जोडाक्षरे व काना-मात्रा यांचे माप वेगळे पडते. तेव्हा महत्त्वाचे शब्द आधी ठेवावेत आणि मोजमापाच्या मागे लागू नये, एवढे पुरे.

खरी अडचण पुढे आहे, आणि ती अस्सल मराठीची आहे.

मराठी शब्द वाक्यात शिरताना रूप बदलतो. पाऊस येतो, पण आपण पावसात भिजतो. गूळ खातो, पण पोळी गुळाची करतो. कोल्हापूर दीर्घ, कोल्हापुरात ऱ्हस्व. पुणे, पुण्यात, पुण्याहून, पुणेकर. हिंदीत बहुतेक प्रत्यय सुटे राहतात, गावाचे नाव बऱ्याचदा जसेच्या तसे उरते. मराठीत नाव आधी वाकते आणि मग प्रत्यय त्याला चिकटतो. शोधणारा मात्र बहुधा मूळ रूप टाकतो. हे लक्षात आल्यापासून मथळे लिहिणाऱ्यांनी एक सोपा उपाय काढला, की विभक्तीच कापून टाकायची. गुळाच्या पोळीची ‘गूळ पोळी रेसिपी मराठी’ झाली. हरभऱ्यावरच्या घाटे अळीचे ‘हरभरा घाटे अळी नियंत्रण उपाय माहिती’ झाले. रायगडाच्या इतिहासाचे ‘रायगड किल्ला इतिहास माहिती मराठी’ झाले. शब्द मराठी आहेत, पण त्यांना बांधणारी दोरी निघून गेली आहे. वाण्याला द्यायच्या यादीत असे शब्द शोभतात. लेखाच्या कपाळावर नाही.

हा केवळ कानाला खुपण्याचा मुद्दा असता तर मी एवढे लिहिले नसते. देवनागरीत मराठी एकटी नाही, तिच्याहून कितीतरी पट मोठा हिंदीचा पसारा त्याच लिपीत आहे. आणि कित्येक शब्द दोन्हीकडे सारखे दिसतात. ‘शिक्षा’ म्हणजे हिंदीत शिक्षण आणि आपल्याकडे दंड. ‘चेष्टा’ म्हणजे तिकडे प्रयत्न, इकडे थट्टा. ‘यंत्रणा’ तिकडे यातना, इकडे व्यवस्था. नुसते ‘कायदा शिक्षा’ असे लिहिले तर ती कुठली भाषा? ‘हुंडा घेणाऱ्याला किती शिक्षा होते’ असे लिहिले की माणसालाच काय, यंत्रालाही संशय राहत नाही. ‘चा’, ‘ची’, ‘ला’, ‘त’, ‘हून’ हे आपल्या भाषेचे ओळखपत्र आहे. मराठी वाचकाला सापडावे म्हणून तेच फाडून टाकायचे आणि मग शेवटी ‘मराठी’ हा शब्द चिकटवायचा, हा उलटा व्यवहार आहे. लोक शोधताना ‘मराठीत’, ‘मराठी माहिती’ असे जोडतात हे मला माहीत आहे. आपल्या भाषेत विचारले तर आपल्या भाषेतच उत्तर मिळेल असा भरवसा त्यांना राहिलेला नाही, म्हणून ते जोडतात. तो भरवसा परत द्यायचा असेल तर मथळे मराठी वाक्यासारखे वाक्य हवेत.

आणि त्यात शोधाचे काही बुडत नाही. मूळ रूप आणि विकारी रूप दोन्ही नैसर्गिकपणे आणता येतात, त्यासाठीच मथळा आणि वर्णन अशा दोन जागा आहेत. मथळा असा: ‘गूळ न फुटता गुळाची पोळी कशी लाटावी’. यात ‘गूळ’ही आहे आणि ‘गुळाची’ही, आणि कोणत्याही घरात ऐकू येईल असा हा प्रश्न आहे. ‘घाटे अळी: हरभऱ्याला फुले येताना काय पाहावे’ हे शेतकऱ्याच्या जिभेवरचे आहे. कृषी विद्यापीठांच्या पुस्तिका ‘एकात्मिक कीड व्यवस्थापन’ म्हणतात. ते शब्द चूक नाहीत, वर्णनात जरूर यावेत. पण पहाटे शेतात उभा असलेला माणूस ‘सोयाबीन पिवळं पडलंय’ एवढेच म्हणतो, आणि मथळा त्याच्यासाठी आहे.

शुद्धलेखनाचा गुंता याहून अवघड. १९६२पासूनचे नियम आपल्याकडे आहेत, पण शोधताना कोण ते पाळतो? ‘शुभेच्छा’ला ‘शुभेच्या’ टाकणारे असंख्य. ‘दऱ्या’ लिहायला कळफलकावर तो ‘ऱ’ सापडत नाही, मग सह्याद्रीतल्या दऱ्यांचा ‘दर्या’ होतो आणि डोंगराचा समुद्र होऊन बसतो. पुष्कळ लोक तर रोमन अक्षरांतच मराठी टाकतात. यावर काही जण मथळ्यातच मुद्दाम अशुद्ध रूप घालतात, चार अशुद्ध रूपे ओळीने मांडतात. मला ते मान्य नाही. यंत्रे आता नेहमीच्या चुका बऱ्याच प्रमाणात सावरून घेतात. सावरण्यासाठी त्यांच्यापुढे शुद्ध रूप तरी हवे, आणि ते आपण लिहिले नाही तर कुठून येणार? मराठी विकिपीडियाने यावर सरळ रीत ठेवली आहे. लेखाचे नाव एकच ठेवायचे आणि इतर प्रचलित रूपांची पुनर्निर्देशने करायची. कुठल्याही दाराने आलात तरी एकाच खोलीत पोचता, आणि दारावरची पाटी नीट राहते.

एक जुना घावही इथे सांगायला हवा. युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर निरनिराळ्या फाँटांत ठेवला जाई. पडद्यावर देवनागरी दिसे, पण आत साठवलेली असत इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. तो फाँट ज्याच्या संगणकात नाही त्याला अगम्य अक्षरांचे कडबोळे दिसे, आणि शोधयंत्राला तर कायमच तेच दिसे. त्या काळात इंटरनेटवर गेलेले पुष्कळ मराठी लेखन ज्यांनी पुढे बदलून घेतले नाही त्यांचे असून नसल्यासारखे झाले. मराठीला एकदा असे अदृश्य होण्याचा अनुभव आहे. तेव्हा दोष तंत्राचा होता. आता अक्षरे वाचता येतात, पानाच्या पत्त्यातही देवनागरी चालते. नक्कल करून दुसरीकडे चिकटवले की ‘मराठी’ एवढ्या पाच चिन्हांची पंचेचाळीस टक्केचिन्हे-अक्षरे होतात हा त्रास आहे खरा, पण तो सोसण्यासारखा आहे. आता मराठी लेख अदृश्य राहिला तर बहुधा आपल्या हलगर्जीपणाने राहतो.

दुसऱ्या बाजूचा अपराध मात्र हलगर्जीपणाहून मोठा आहे. २०२४मध्ये महाराष्ट्रात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली, पात्र बाईच्या खात्यात महिन्याला दीड हजार रुपये. तेव्हापासून दर महिन्याला त्याच घाटाचे मथळे दिसतात: हप्त्याबाबत मोठी अपडेट, बहिणींसाठी आनंदाची बातमी, या दिवशी जमा होणार, जाणून घ्या. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी एकदा फोन पुढे धरून म्हणाल्या, “बघा ना बाई, यात तारीख कुठं लिहिलीय?” मी पूर्ण वाचले. जाहिराती ओलांडत, तोच परिच्छेद तीन वेळा फिरवून, शेवटी लिहिले होते की तारीख अद्याप जाहीर झालेली नाही. मथळ्यात ‘तारीख जाहीर नाही’ एवढे लिहिले असते तर मावशींचा वेळ आणि डेटा दोन्ही वाचले असते. पण मग त्यांनी पान उघडले नसते, आणि पान उघडावे एवढ्यासाठीच तो मथळा होता. यात शोधाच्या सगळ्या नियमांचे पालन होते. शब्द बरोबर, लांबी बरोबर, वर्णन भरलेले. ज्या बाईला दीड हजारांची वाट पाहावी लागते तिच्या गरजेवर पोसलेला हा मजकूर आहे, आणि त्याला चतुराई म्हणणे मला जमत नाही. मथळा हा शब्द दिलेला असतो. आत नसलेली गोष्ट मथळ्यात सांगणे म्हणजे खोटे बोलणे, आणि आत असलेली गोष्ट उघडायला लावण्यासाठी मथळ्यात दडवणे हे त्याचेच धाकटे भावंड.

‘जाणून घ्या’बद्दलही एक बोलू द्या. हिंदीतल्या ‘जानिए’ची ही सावली मराठी मथळ्यांवर इतकी पसरली आहे की ती काढली तर कित्येक मथळ्यांत क्रियापदच उरत नाही. लेख वाचायला घेतला म्हणजे माणूस जाणूनच घ्यायला आला आहे. त्याला ते पुन्हा सांगायची गरज नाही. त्या दोन शब्दांच्या जागेत गावाचे नाव बसते, पिकाचे नाव बसते, वर्ष बसते.

सरकारी कागदांचा प्रश्न याच्या उलट टोकाचा. शासन निर्णयांची शीर्षके कुठल्या तरी योजनेची मुदतवाढ, सुधारणा, मान्यता अशी पावले टाकत शेवटी ‘…बाबत’ला येऊन थांबतात, आणि फाइलीला एक लांबलचक संकेतांक असतो. त्यात फसवणूक अजिबात नाही, पण ज्याच्यासाठी निर्णय आहे त्याचा शब्दही नाही. गाव नमुना सातला नियमांत अधिकार अभिलेख म्हणतात, बाराला पिकांची नोंदवही. लोक ‘सातबारा’ म्हणतात. तलाठ्याच्या टेबलावरही ‘सातबारा’च म्हणतात. प्रत्येक शासन निर्णयाखाली लोकांच्या शब्दांत दोन ओळींचे वर्णन लिहायचे ठरवले, तर किती माणसांच्या खेपा वाचतील! याला नवे तंत्र लागत नाही. मराठी येणारा आणि लोकांचे ऐकून घेणारा एक माणूस लागतो.

मराठीत असे काम एका माणसाने केलेलेही आहे. शंकर गणेश दात्यांनी १८००पासून १९३७पर्यंतच्या मराठी पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ तयार केली, विषयवार लावलेली. पुस्तक लिहिणारे पुष्कळ होते. ते शोधणाऱ्याच्या हाती कसे पडेल याची काळजी वाहणारे फार थोडे. आज प्रत्येक लिहिणाऱ्याला आपल्यापुरते दाते होता येते, आपल्या प्रत्येक लेखासाठी एक नोंद स्वतःच्या हाताने करून. ही नोंद म्हणजेच ते वर्णन.

कविता-कथांच्या मथळ्यांना यातले काहीही लागू करू नये, हेही तितक्याच ठामपणे म्हणते. इरावती कर्व्यांच्या ‘युगान्त’ या नावात महाभारत नाही, आणि कुणी ते ‘महाभारतातील व्यक्तिरेखा संपूर्ण माहिती’ करू गेले तर मी आडवी येईन. ते नाव वाचून झाल्यावर उलगडते, आणि ललित लेखनाचा तो हक्क आहे. पण म्हणूनच वर्णन हवे. नाव हवे तितके गहन असू द्या, खाली साध्या मराठीत सांगा की महाभारतातल्या माणसांवरचे हे निबंध आहेत. ज्याला माणसासाठी दोन प्रामाणिक वाक्ये लिहायचा कंटाळा येतो, त्याने यंत्राला दोष देऊ नये.

अलीकडे शोधयंत्रे पानांची यादी देण्याआधी स्वतःच उत्तर रचून दाखवू लागली आहेत, तेव्हा मथळ्याला काय अर्थ उरला असे मला विचारतात. यंत्र उत्तर रचते ते सापडलेल्या मजकुरातूनच. सापडलेल्यात मुळ्या आणि मंत्रच असतील तर उत्तरही त्यांचेच येण्याची भीती. आपल्या लेखाने तिथे असणे आता उलट जास्त गरजेचे झाले आहे.

माझ्या त्या लेखाचा मथळा मी बदलला. ‘साप चावला तर पहिल्या तासात काय करावे, काय करू नये’. ‘अंधारातली पावले’ हे नाव आत पहिल्या परिच्छेदाच्या वर ठेवले आहे, मला ते अजून आवडते. वर्णनात लिहिले: सर्पदंश झाल्यावर आवळून बांधू नये, कापू नये, चोखू नये, चावलेला भाग हलवू न देता माणसाला लगेच रुग्णालयात न्यावे, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावर तिथे प्रतिविष मिळते. पान न उघडताही एवढे वाचता यावे, असे मुद्दामच केले.

मग ते त्या रुग्णालयातल्या एका जुन्या परिचारिकेला वाचून दाखवले. त्यांनी ऐकले आणि म्हणाल्या, “सगळं बरोबर आहे ताई. पण आमच्याकडे म्हाताऱ्या बायका रात्री सापाचं नावच घेत नाहीत. पान लागलं म्हणतात. नातवंडांच्या कानावर तेच पडतं, आणि फोन नातवंडांच्याच हातात असतो.” दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्णनाच्या सुरुवातीला दोन शब्द वाढवले: पान लागलं.